लाफायेत

फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतातील एका सरदार घराण्यात इ. स. १७५७ साली लाफायेतचा जन्म झाला. त्यास दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्याचा पिता मिंडेनच्या लढाईत पडला. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उपसल्याची वार्ता ऐकून, राजाज्ञा मोडून, स्वखर्चाने जहाज घेऊन हा १९ वर्षांचा तरुण १७७७ साली अमेरिकेस पोहोचला. ब्रँडीवाइनच्या रणांगणी त्याच्या पायास गोळी लागली. वॉशिंग्टनने त्यास पुत्रवत मानिले.

१७७९ मध्ये स्वदेशी परतून त्याने अधिक साहाय्यासाठी खटपट केली. पुढील वर्षी रोशाम्बोच्या हाताखाली सुमारे ५,५०० फ्रेंच सैनिक अमेरिकेत उतरले, आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे कॉर्नवालिस शरण आला. पुढे हिंदुस्थानात टिपूशी लढलेला गव्हर्नर-जनरल तो हाच!

फ्रान्सच्या राजाचा हेतू मात्र निव्वळ परोपकाराचा नव्हता. त्यास इंग्लंडवर सूड उगवावयाचा होता. म्हणूनच की काय, १७९३ मध्ये फ्रान्स व इंग्लंड यांत युद्ध जुंपले तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली; १७९८ पासून तर उभयतांची जहाजे समुद्रावर परस्परांशी लढू लागली. नवजात राष्ट्रास दुसरे मोठे युद्ध झेपले नसते, हेही खरेच. लाफायेत स्वतः १७९२ ते १७९७ परकीयांच्या बंदिवासात होता.

त्यास मात्र अमेरिका विसरली नाही. १८२४ साली तिने त्यास सन्मानाने बोलाविले. चोविसही राज्यांत त्याचे स्वागत झाले. १८३४ साली तो पॅरिस येथे निवर्तला. बंकर हिलची माती त्याच्या थडग्यावर पसरली गेली. ४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या साहाय्यार्थ आलेले अमेरिकन सेनाधिकारी त्या थडग्यापाशी वंदनास गेले.