हायडन आणि त्याचा चेलो

ऑस्ट्रियांतील रोराऊ या खेड्यांत ३१ मार्च १७३२ रोजीं एका चाकें घडविणाऱ्या कारागिराच्या घरीं जोसेफ हायडन याचा जन्म झाला. बापाला स्वरलिपि वाचतां येत नसे. तरी काम आटोपल्यावर तो हार्प घेऊन बसे व मुलें भोंवतीं गात. आठव्या वर्षीं जोसेफ व्हिएन्ना येथील सेंट स्टीफन चर्चच्या गायक मुलांत दाखल झाला. परंतु आवाज फुटल्यावर त्याला तेथून बाहेर पडावें लागलें. पुढील कांहीं वर्षें त्यानें माळ्यावरच्या खोलींत, शिकवण्या करून व किडीनें पोखरलेल्या एका जुन्या वाद्यावर अभ्यास करून काढलीं.

१७६१ सालीं तो एस्टरहाझी या हंगेरीच्या सरदार घराण्याच्या पदरीं राहिला. गणवेश घालून रोज धन्याच्या आज्ञेची वाट पाहावी, असा करारच होता! अशी चाकरी त्यानें सुमारें तीस वर्षें केली, आणि चाकरींत असतांनाच त्याची कीर्ति युरोपभर पसरली. ३१ मे १८०९ रोजीं, व्हिएन्ना शहर नेपोलियनच्या ताब्यांत असतां, तो वारला.

त्याच्या सिंफनी प्रसिद्धच आहेत. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांसाठीं त्यानें रचलेल्या चाळिसांहून अधिक कृतींविषयीं. यांस ट्रिओ म्हणतात. हायडनच्या पश्चात् त्यांवर असा ठपका आला कीं, यांत चेलोला स्वतःचें काम जवळजवळ नाहींच. पियानोवादकाच्या डाव्या हातामागून तो निमूटपणें चालतो. एवढ्या थोर पुरुषाच्या हातून अशी चूक व्हावी, याचें आम्हांसही नवल वाटे.

उत्तर वाद्यांत आहे. १७८८ सालीं हायडनला तीन ट्रिओ लिहावयाचे होते. ते उत्तम उतरावे म्हणून त्यानें शांट्स नामक कारागिराचा नवा फोर्टेपियानो घेतला, आणि त्याचे ३१ डुकाट भरण्याची गळ आपल्या प्रकाशकास घातली. त्या काळच्या पियानोला लोखंडी सांगाडा नसे. तारा बारीक, हातोडे लहान व चामड्यानें मढविलेले. खर्जाचा सूर स्पष्ट उमटे, पण लागलीच विरून जाई. तो सूर धरून ठेवणारा कोण? तर चेलो! आजच्या दणकट पियानोशेजारीं त्यास बसविला कीं तो खर्जांत बुडून जातो, आणि दोष मात्र हायडनच्या माथीं येतो.

१९२७ सालीं कोर्तो, तिबो व कासाल्स यांनीं जी मेजर ट्रिओची जी ध्वनिमुद्रिका केली, ती आधुनिक पियानोवर. वादन बहारीचें आहे, यांत शंका नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस कोहेन, होबार्थ व क्वँ इत्यादिकांनीं जुन्या धर्तीच्या वाद्यांवर हे ट्रिओ मुद्रित केले. हें काम सोपें नव्हे. हवा पालटली कीं लांकडी पियानो बेसूर होतो, आणि आतड्याच्या तारा उतरतात. शिवाय जुना म्हणजे कोणता? हायडन १७९१ व १७९४ सालीं लंडनला गेला. तेथील ब्रॉडवुडचे पियानो व्हिएन्नाच्या वाद्यांहून भरदार होते, आणि जी मेजर ट्रिओ तर १७९५ सालीं तेथेंच प्रसिद्ध झाला. तेव्हां सर्वच ट्रिओंना व्हिएन्नाचें एकच वाद्य लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या ट्रिओचा शेवटचा, जिप्सी ढंगाचा भाग प्रथम १९२७ च्या मुद्रिकेंत व मग जुन्या वाद्यांवर ऐकावा, आणि दोन्ही वेळां कान चेलोकडे ठेवावा.