मायकेल फॅरडे

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचा जन्म सन १७९१ सालीं लंडनलगत एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. वडील आजारी, अन्नाचीहि वाण पडे. तेराव्या वर्षींच मायकेल एका पुस्तकबांधणीच्या दुकानीं वर्तमानपत्रें पोंचविणारा पोऱ्या झाला.

अशीं कितीक मुलें शहरांत नाहींशीं होतात! मायकेल तरला, त्याचें श्रेय केवळ त्याच्या बुद्धीस देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मालक रीबो यांनीं बांधावयास आलेलीं पुस्तकें त्यास वाचूं दिलीं. लोहारकाम करणारा वडील भाऊ रॉबर्ट शास्त्रीय व्याख्यानांची एकेक शिलिंग फी भरी. १८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. त्यांचीं टिपणें मायकेलनें स्वतः बांधून डेव्हींस पाठविलीं, आणि १८१३ सालीं तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मदतनीस झाला.

१८३१ सालीं चुंबकाच्या योगानें वीज उत्पन्न करण्याचा शोध फॅरडे यांनीं लावला. तरी १८२७ ते १८६० या काळांत नाताळच्या सुटींत मुलांकरितां त्यांनीं १९ व्याख्यानमाला दिल्या. आम्हांस ती ऋणफेडच वाटते.

विद्यार्थीमित्रांनो, कष्ट तुम्हींच करावयाचे. परंतु पालकहो, शेजारच्या गरीब मुलास एखादें पुस्तक देणें आपल्याच हातीं आहे.