रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे रुडॉल्फ फिरखो

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शक्य तितक्या लवकर अंथरुणातून उठवून चालते करण्याकडे डॉक्टरांचा कटाक्ष असतो. दीर्घकाळ पडून राहिल्यास पायांतील रक्तप्रवाह मंदावतो, खोल शिरांमध्ये रक्त गोठते आणि ती गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन अडकली, तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. आज सर्वपरिचित असलेले हे ज्ञान पावणेदोनशे वर्षांपूर्वी वैद्यकाला नव्हते. ते मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांना जाते.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिवेलबाइन या लहान गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताचीच होती. त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण घेतले, १८४३ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते शारिटे रुग्णालयाच्या शवविच्छेदन विभागात रुजू झाले.

शिरेचा दाह हेच बहुतेक आजारांचे मूळ, असे मत त्या काळी फ्रेंच शास्त्रज्ञ क्रूव्हेल्ये यांनी मांडले होते. या मताची तपासणी करण्याचे काम तरुण फिरखो यांच्याकडे आले. फुफ्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तेथेच तयार होते, असा तेव्हाचा समज होता. फिरखो यांना शवविच्छेदनात मात्र वेगळेच दिसले. ज्यांच्या फुफ्फुसात अशी गुठळी होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांतही रक्त गोठलेले होते. ही गुठळी तुटून रक्ताबरोबर वाहत आली असावी, असा तर्क त्यांनी केला. तो पडताळण्यासाठी त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील शिरेत रबराचे व गोठलेल्या रक्ताचे तुकडे सोडले. ते तुकडे पुढे फुफ्फुसाच्या धमन्यांत आढळले. रक्तवाहिनीत रक्त गोठण्याला ‘थ्रॉम्बोसिस’ आणि गुठळी वाहत जाऊन अडकण्याला ‘एम्बोलिझम’ ही नावे त्यांनीच रूढ केली.

रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे, रक्तप्रवाह मंदावणे आणि रक्ताच्या घटकांत बदल होणे, ही गुठळीची तीन कारणे आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘फिरखो यांची त्रयी’ म्हणून शिकवली जातात. हे नाव विसाव्या शतकात पडले, मात्र तिचा पाया फिरखो यांच्या लेखनात आहे. धमनीकाठिण्याबाबतही त्यांचे मत काळाच्या पुढे होते. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की धमनीतील थराला रक्तातून साचलेला पदार्थ मानत, तर फिरखो त्याकडे धमनीच्या आतल्या अस्तराचा दाह म्हणून पाहत. केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके घटतात, हे २०१७ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत दिसून आले.

रोगाचे मूळ दूर शोधण्याची ही दृष्टी त्यांना रुग्णालयाबाहेरही घेऊन गेली. १८४८ च्या प्रारंभी सरकारने त्यांना अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठवले. साथीचे मूळ दारिद्र्यात, अज्ञानात आणि सरकारी अनास्थेत असून लोकशाही, शिक्षण व समृद्धी हाच त्यावरचा उपाय आहे, असा निष्कर्ष त्यांनी निर्भीडपणे मांडला. परतताच ते बर्लिनमधील क्रांतीत सामील झाले. याची किंमत मोजावी लागली. १८४९ मध्ये शारिटेतील पद गेले आणि ते व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. पेशी हेच रोगाचे स्थान, हे सांगणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८५८ मध्ये आला. नगरसेवक या नात्याने त्यांनी बर्लिनच्या सांडपाणी योजनेचा पाठपुरावा केला, तर विधिमंडळात बिस्मार्क यांना धारेवर धरले.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. रोगजंतूंविषयीचे नवे संशोधन त्यांनी सहजासहजी स्वीकारले नाही. निअँडरथल मानवाचे अवशेष त्यांना रोगग्रस्त माणसाचे वाटले. तथापि गुठळीविषयीचा त्यांचा सिद्धान्त टिकला.

त्या सिद्धान्ताला साजेसे औषध मात्र त्यांच्या हयातीत नव्हते. जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्रामवरून उतरताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्या दुखापतीतून ते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गुठळी रोखणाऱ्या हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये लागला आणि रुग्णांवर त्याचा वापर १९३० च्या दशकात सुरू झाला. आज मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाला गुठळी होऊ नये म्हणून औषध दिले जाते आणि लवकर चालवले जाते. या दोन्ही उपायांमागे फिरखो यांनी शवविच्छेदनाच्या टेबलावर लावलेला तो शोध आहे.