गंजलेल्या डब्यांची राखणदार : लॉटे आइस्नर

जर्मनीचे जुने मूकपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले असतात. जिन्याच्या भिंतीवरून सरकत जाणारी लांब नखांची सावली, वेडीवाकडी रंगवलेली घरं, मान खाली घालून रांगेने कामावर निघालेले मजूर. 'नोस्फेराटू', 'डॉ. कॅलिगारी', 'मेट्रोपोलिस' ही नावं साहित्य आणि चित्रपटाच्या पेपरात येतात आणि मोबाइलवर शोधलं की अख्खा सिनेमा समोर येतो. इतका सहज येतो, की शंभर वर्षं तो टिकला कसा हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. मला तो पडला तेव्हा उत्तर शोधताना एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा भेटत गेलं. लॉटे आइस्नर. तिच्या देशाने तिला हाकललं आणि तिने त्या देशाचा सिनेमा सांभाळला. तिचं आयुष्य मला जसं कळलं तसं इथे सांगते.

लॉटेचा जन्म 5 मार्च 1896 चा, बर्लिनचा. घर खात्यापित्या ज्यू व्यापाऱ्याचं, वडिलांचा कापडाचा धंदा. मुलीला शिकायचं होतं आणि घरच्यांनी शिकू दिलं. तिने कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय घेतले आणि 1924 मध्ये रोस्टॉक विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. प्रबंध होता प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांवर. सिनेमाशी ह्याचा काय संबंध, असं वाटेल. पण फुटक्या भांड्याच्या तुकड्यावरून पूर्ण चित्र कसं असेल हे ताडायचं, रेषा कुठून सुरू झाली ते बघायचं, ही सवय तिला तिथे लागली. पुढे आयुष्यभर तीच कामी आली.

तेव्हाचं बर्लिन म्हणजे पहिलं महायुद्ध हरलेलं शहर. पावाला नोटांची थप्पी मोजावी लागेल अशी महागाई, रस्त्यावर मारामाऱ्या, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये नाटक-सिनेमाला आलेला प्रचंड बहर. 1920 मध्ये 'कॅलिगारी' आला. त्यात सावल्यासुद्धा पडद्यांवर रंगवलेल्या होत्या. 1922 मध्ये मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', 1927 च्या जानेवारीत फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस'. त्याच 1927 मध्ये लॉटे 'फिल्म-कुरियर' ह्या सिनेमाच्या दैनिकात काम करू लागली. स्टुडिओत जाऊन चित्रीकरण बघायचं, मुलाखती घ्यायच्या, परीक्षणं लिहायची. जर्मनीत सिनेमावर लिहिणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. त्या काळात सिनेमे बनताना तिने जवळून पाहिले होते, हे लक्षात ठेवायला हवं.

मग 1933 उजाडलं. जानेवारीच्या शेवटी हिटलर सत्तेवर आला आणि मार्चमध्ये लॉटेने बर्लिन सोडलं. पॅरिसमध्ये तिची बहीण होती, तिच्याकडे ती गेली. वय 37, नोकरी नाही, लिहिण्याची भाषा दुसरी. भाषांतरं, बातमीपत्रं, मिळेल ते काम करून तिने दिवस काढले.

त्या एका वर्षात जर्मन सिनेमाची माणसं कशी फुटली ह्याचं एक उदाहरण आपल्या बेळगावच्या वाचकांना जवळचं वाटेल. 'मेट्रोपोलिस'चा दिग्दर्शक लांग आणि त्याची पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बू हे नवराबायको. 1933 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. लांग देश सोडून गेला. थेआ तिथेच राहिली, नाझी पक्षात गेली, सिनेमे लिहीत राहिली. आणि तिने तिसरं लग्न केलं ते बर्लिनमध्ये असलेल्या एका मराठी पत्रकाराशी, अयी तेंडुलकरांशी. हे तेंडुलकर आपल्याच बेळगाव परिसराचे. म्हणजे ज्या सिनेमाबद्दल आपण परक्या देशाची गोष्ट म्हणून वाचतो, त्याच्या उंबऱ्यापर्यंत आपला एक माणूस जाऊन आला होता. एकाच सिनेमाचे दोन निर्माते, दोन वाटा. कलाकृती चांगली म्हणून माणूस चांगला ठरत नाही, हे लॉटेला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पॅरिसमध्ये तिची गाठ आंरी लांग्लुआ नावाच्या एका विशीतल्या वेड्या मुलाशी पडली. तो जुने सिनेमे गोळा करायचा. हे वेड का म्हणायचं, तर बोलपट आल्यावर मूकपट म्हणजे रद्दी झाली होती. रिळांवरची चांदी काढून घ्यायची आणि उरलेलं वितळवून टाकायचं, असा सरळ व्यवहार होता. शिवाय त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगीने पेट घेते, ओल लागली की कुजते. 'नोस्फेराटू'ची तर वेगळीच तऱ्हा. 'ड्रॅक्युला' कादंबरीच्या लेखकाच्या विधवेने हक्कांसाठी दावा लावला आणि 1925 मध्ये कोर्टाने त्या सिनेमाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. बाहेरदेशी गेलेल्या काही प्रती हाती लागल्या नाहीत, म्हणून तो वाचला. अशा काळात लांग्लुआने मित्रांसोबत 1936 मध्ये 'सिनेमातेक फ्रान्सेझ' सुरू केलं. लॉटे त्याच्या मदतीला होती.

1940 मध्ये जर्मन सैन्य फ्रान्सवर चालून आलं तेव्हा फ्रेंच सरकारने जर्मन बायकांना शत्रूच्या नागरिक म्हणून पकडलं. जर्मनीने ज्यू म्हणून हाकललेली लॉटे आता जर्मन म्हणून पकडली गेली आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी गुर्सच्या छावणीत गेली. चिखल, भूक, उवा. तिथून ती निसटली. खोट्या कागदांवर तिचं नाव झालं लुईझ एस्कोफिए. फिजाक नावाच्या गावात ती ह्या नावाने लपून राहिली. लांग्लुआने नाझींपासून दडवलेल्या रिळांचे डबे त्या भागातल्या बेद्युएरच्या एका जुन्या गढीत ठेवले होते. थंडीने हात बधिर होत असताना लॉटे ते गंजलेले डबे उघडायची, आत कुठला सिनेमा आहे ते ओळखायची आणि यादी करायची. स्वतःचं खरं नाव सांगायची सोय नाही आणि हातात काम काय, तर बेनाव रिळांना त्यांचं खरं नाव परत द्यायचं! त्याच वर्षांत तिची आई नाझींच्या छावणीत गेली ती परत आली नाही.

युद्ध संपल्यावर ती पॅरिसला परतली आणि 1945 पासून 1975 पर्यंत, तीस वर्षं, सिनेमातेकची मुख्य संग्राहक राहिली. नुसती रिळं नाहीत. म्हाताऱ्या झालेल्या कलादिग्दर्शकांना, नटांना, त्यांच्या घरच्यांना गाठून सेटची रेखाटनं, पटकथा, कपडे, पत्रं मागून आणायची. आपल्याकडे जुन्या वाड्यात आजोबांची कागदपत्रं रद्दीत जाण्याआधी कुणीतरी चिकाटीने मागून न्यावीत, तसं. 1968 मध्ये सरकारने लांग्लुआला पदावरून काढलं, तेव्हा पॅरिसच्या तरुण दिग्दर्शकांनी रस्त्यावर येऊन त्याला परत बसवलं. ह्या पोरांची नजर सिनेमातेकच्या अंधारात तयार झाली होती.

आता तिच्या लिखाणाकडे येते. 1947 मध्ये जिगफ्रीड क्राकाउअर ह्या दुसऱ्या ज्यू निर्वासिताचं पुस्तक अमेरिकेत आलं होतं, 'फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : त्या काळच्या जर्मन सिनेमात हुकूमशहाची ओढ आणि भीती आधीच दिसते, पडद्यावरचे जुलमी राक्षस पुढे खरेच चालत आले. हे पुस्तक आजही अभ्यासाला असतं. 1952 मध्ये लॉटेचं पुस्तक फ्रेंचमध्ये आलं. इंग्रजीत ते 'द हाँटेड स्क्रीन' ह्या नावाने ओळखलं जातं. ती कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी. तिने विचारलं, ही सावली आली कुठून? आणि उत्तर शोधत ती माक्स राइनहार्टच्या रंगमंचावरच्या प्रकाशापर्यंत गेली, जर्मन रोमँटिक कवी आणि चित्रकारांपर्यंत गेली. सगळ्यालाच एक्स्प्रेशनिझमचं लेबल लावायला तिचा विरोध होता. कुठली गोष्ट नाटकातून आली, कुठली चित्रकलेतून, हे ती निवडून दाखवते. पुढे 1964 मध्ये तिने मुर्नाऊवर ग्रंथ लिहिला आणि 1976 मध्ये फ्रिट्झ लांगवर.

दोघांपैकी बरोबर कोण, ह्यावर अभ्यासक अजून वाद घालतात. क्राकाउअरचा प्रश्न टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. पण पुढे काय झालं हे माहीत असलं की मागच्या प्रत्येक गोष्टीत त्याची चाहूल दिसू लागते, आणि मग आपण सिनेमा बघत नाही, पुरावा शोधतो. लॉटेकडे तर रागावण्याची सगळी कारणं होती. आई गेली, घर गेलं, नाव गेलं. तरी तिने बघणं सोडलं नाही. चौकटीत दिवा कुठे आहे, चेहऱ्याचा कुठला भाग अंधारात आहे, हे ती आधी नीट बघते आणि मग बोलते. गुन्हेगारांना तिने माफ केलं, असा ह्याचा अर्थ नाही. जर्मन सांस्कृतिक वारसा हिटलरच्या नावावर करून द्यायला तिने नकार दिला, असा मी त्याचा अर्थ लावते. तिच्या बर्लिनवर तिचाही हक्क होता.

हे जर्मनीतल्या नव्या पोरांनी ओळखलं. युद्धानंतर वाढलेल्या दिग्दर्शकांना वडिलांच्या पिढीकडून घेण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यांना आजोबांच्या पिढीशी, मुर्नाऊ-लांगशी, जोडून दिलं ते लॉटेने. वेर्नर हर्झोगच्या 'फाता मॉर्गाना'मध्ये निवेदनाचा एक भाग तिच्या आवाजात आहे. 1974 च्या नोव्हेंबरमध्ये ती फार आजारी असल्याचं त्याला कळलं आणि तो म्युनिकहून पॅरिसला चालत निघाला. आपण चालत पोहोचलो तर ती मरणार नाही, अशी त्याची श्रद्धा. पंढरीची वारी किंवा जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला पायी जाणारे लोक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेड वाटणार नाही. 23 नोव्हेंबरला निघून, बर्फापावसातून, 14 डिसेंबरला तो पोहोचला. लॉटे तेव्हा 78 वर्षांची होती. ती बरी झाली. 1979 मध्ये त्याने 'नोस्फेराटू' नव्याने केला.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. हर्झोग सांगतो की शेवटी शेवटी नजर आणि पाय दोन्ही गेले, तेव्हा तिने त्याला बोलावून आपल्यावरचं न मरण्याचं बंधन काढून घ्यायला सांगितलं आणि त्याने ते काढलं. 25 नोव्हेंबर 1983 ला पॅरिसजवळ गार्श इथे ती गेली. पुढच्या वर्षी विम वेंडर्सने 'पॅरिस, टेक्सस' तिला अर्पण केला, आणि तिच्या आठवणींचं पुस्तकही त्याच वर्षी आलं, तेही जर्मनमध्ये. जी भाषा तिला हाकलणाऱ्यांची होती, तीच तिची आईची भाषा होती.

आपल्या मंडळात आपण पुष्कळदा भांडतो, अमक्या लेखकाचं वागणं असं होतं, मग त्याचं वाचायचं का? भांडायला हरकत नाही. मी तर म्हणेन, भांडूच. फक्त भांडायला ते पुस्तक, तो सिनेमा समोर असावा लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी आधी थंडीत बसून डबे उघडून त्यांच्यावर नावं लिहिलेली असावी लागतात.