कोलामी शिकलेला अधिकारी

पांढरकवड्याहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग पाटणबोरीवरून पैनगंगेच्या पुलावर चढतो आणि पलीकडे आदिलाबादेत उतरतो. दोन्ही काठांवर गोंड आहेत, कोलाम आहेत. त्यांच्या सोयरिकी नदीला विचारून होत नाहीत. सरकारं मात्र कायम दोन. १९४० साली अलीकडे इंग्रजांच्या अमलातलं वऱ्हाड होतं आणि पलीकडे निजाम.

त्याच वर्षी पलीकडच्या जोडेघाटला कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. वाद जंगलातल्या जमिनीचा होता. त्यानंतर आदिवासींची स्थिती अभ्यासायला निजाम सरकारने जो माणूस नेमला तो व्हिएन्नाचा, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. महायुद्धामुळे कागदोपत्री तो शत्रुराष्ट्राचा नागरिक! तो गोंडी शिकला, मारलवाईला राहिला. १९४३ साली तिथे गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र निघालं. गोंडीतली पाठ्यपुस्तकं देवनागरी लिपीत छापली गेली.

याच कामात आदिवासींसाठीचे विशेष अधिकारी म्हणून सेतुमाधवराव पगडी आले. जन्म १९१०, निलंग्याचा. अलाहाबादचे पदवीधर, हैदराबाद मुलकी सेवेतले. आज वाचक त्यांना ओळखतो तो इतिहासकार म्हणून. मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रं मराठीत आणणारे, शिवचरित्र लिहिणारे पगडी. माझा जीव मात्र त्यांच्या दोन व्याकरणांत अडकला आहे.

त्यांच्यापुढचा पेच काय होता, तो समजून घ्यायला हवा. कचेरीची भाषा उर्दू, कागदावरची सालं फसली. गोंडाची फिर्याद त्याच्या तोंडून गोंडीत निघायची, मधला कुणी ती मराठीत किंवा तेलुगूत करायचा आणि कारकून उर्दूत उतरवायचा. तीन तोंडांतून गेलेल्या जबानीत मूळचं किती उरणार? आणि मधला माणूस गावचा सावकार किंवा पटवारी असला, तर त्याने काय गाळलं हे साहेबाला कळणार कसं? पगडींना उर्दू-फारसी उत्तम येत होती. म्हणजे वरच्यांशी बोलायची त्यांना अडचण नव्हती. ते खालच्या बाजूची भाषा शिकले.

मी बँकेत होतो. या भागातल्या पोडांवरचे कोलाम कर्जाच्या कागदावर अंगठा उठवताना मी पाहिले आहेत. शेजारी नेहमी एक ‘समजावून सांगणारा’ उभा असे. हप्ता, व्याज, तारण हे सगळं मी मराठीत सांगायचो. तो त्याचं दोन शब्दांत काहीतरी करायचा आणि कोलाम मान हलवायचा. त्या दोन शब्दांत माझी पाच वाक्यं मावली कशी, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

पगडींना गोंडीवर थांबता आलं असतं. गोंड संख्येने पुष्कळ, मानानेही वरचे. कोलाम थोडे, लाजरे. तो शेजाऱ्याची गोंडी शिकतो, बाजाराची मराठी शिकतो; त्याची भाषा शिकायला कुणी येत नाही. गोंडीची ती बोलीही नव्हे, द्राविडी कुळातली वेगळी भाषा आहे. पाण्याला ‘ईर’, घराला ‘एल्ला’. तरी पगडी तीही शिकले. १९५० साली त्यांचं कोलामीचं व्याकरण हैदराबादेत निघालं, १९५४ साली गोंडीचं. एका माणसाला भाषा येणं ही त्याची हुशारी झाली, आणि ती बदलीबरोबर निघून जाते. व्याकरण मात्र मागे राहतं, पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती देता येतं. मुलकी खात्यातल्या माणसाचं डोकं इथे दिसतं.

पुढच्यांनी ते किती उघडलं याविषयी मी फार आशावादी नाही. १९५६ साली आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि शाळांत तेलुगू आली. पगडी मुंबईला आले, मंत्रालयात मोठ्या पदांवर राहिले, राज्याच्या गॅझेटिअरचे संपादक झाले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९४ साली ते गेले.

बरो आणि एमेनो या दोन पंडितांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश केला. पहिली आवृत्ती १९६१ची, दुसरी १९८४ची. त्यात गोंडी-कोलामी शब्दांमागे कंसात कुठून घेतलं त्याची खूण असते. यवतमाळकडच्या गोंडीला ‘वाय’ आहे. आणि पुष्कळ शब्दांमागे ‘एस. आर.’ अशी दोन अक्षरं आहेत, सेतुमाधव रावांची.