डॉ. कोटणीसांची गोष्ट जगाला सांगणारे ख्वाजा अहमद अब्बास

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव आपल्या शहरातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले, त्यात कोटणीस होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परत आले, कोटणीस आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांनी चीनमध्येच शेवटचा श्वास घेतला. आज सोलापुरात त्यांचं स्मारक आहे आणि चीनहून पाहुणे आले की ते आवर्जून पाहतात.

पण ही गोष्ट आधी कागदावर आणि मग पडद्यावर कुणी आणली, असं विचारलं तर फार थोडे लोक उत्तर देतात. ते काम केलं मुंबईतल्या एका मुस्लिम पत्रकाराने. त्यांचं नाव ख्वाजा अहमद अब्बास. १ जून ही त्यांची पुण्यतिथी आणि ७ जून ही जयंती. त्यानिमित्ताने या माणसाची ओळख आपल्या घरांमध्ये व्हावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

पानिपत ते मुंबई

अब्बास साहेबांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपतला झाला. घराणं मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांचं. हाली हे उर्दूतले थोर शायर, सर सय्यद यांचे सहकारी आणि मुलींच्या शिक्षणासाठी कळकळीने लिहिणारे. अशा घरात वाचन आणि तालीम लहानपणापासूनच होती. पुढे अलिगढला शिकायला गेले. १९३३ साली बी.ए. आणि १९३५ साली वकिलीची पदवी घेतली. पण वकिली काही केली नाही. विद्यार्थी असतानाच त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं होतं आणि तेव्हापासून शाईची चटक लागली होती.

१९३५ मध्ये ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकात दाखल झाले. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी त्याचे संपादक होते. इंग्रज सरकारच्या विरोधात ठामपणे उभं राहणारं हे वर्तमानपत्र होतं. तिथे अब्बास साहेब बातमीदारी करता करता सिनेमाची परीक्षणं लिहू लागले. त्यांचा ‘लास्ट पेज’ हा स्तंभ आधी ‘क्रॉनिकल’मध्ये आणि १९४७ नंतर ‘ब्लिट्झ’मध्ये थेट १९८७ पर्यंत चालू राहिला. उर्दू ‘ब्लिट्झ’मध्ये तो ‘आझाद कलम’ या नावाने यायचा. इतकी वर्षं दर आठवड्याला न थकता लिहिणं म्हणजे काय, हे वर्गात रोज फळा भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना तरी चांगलं कळतं.

१९४७ च्या फाळणीत पानिपतचं घर उठलं. खानदानाची पांगापांग झाली. अब्बास साहेबांनी मात्र हिंदुस्थानातच राहायचं ठरवलं आणि मुंबईतच आयुष्य काढलं.

सोलापूरचा डॉक्टर, उर्दूचा लेखक

कोटणीसांचे सहकारी डॉ. बसू १९४३ मध्ये चीनहून परतले. त्यांच्याकडून सारी हकीकत समजून घेऊन अब्बास साहेबांनी पुस्तक लिहिलं. १९४४ मध्ये ते छापून आलं. नाव होतं ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, म्हणजे एक जण परत आला नाही. त्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. पटकथा अब्बास साहेब आणि वसंत साठे या जोडीची. हीच जोडी पुढे राज कपूर यांच्या ‘आवारा’साठीही एकत्र आली.

आता बघा, कोटणीस सोलापूरचे, मराठी घरातले. लेखक पानिपतचा, उर्दूतून विचार करणारा. सोबतीला मराठी साठे, आणि दिग्दर्शक कोल्हापूरचा. कुणीही विचारलं नाही की हा आपल्यातला आहे का. अब्बास साहेबांना दिसला तो परक्या मुलखात जखमींची सेवा करता करता मेलेला एक तरुण. त्याची गोष्ट सांगणं त्यांना आपलं काम वाटलं.

घाण पाणी, भूक आणि तहान

पर्यावरण हा शब्द तेव्हा रोजच्या बोलण्यात नव्हता. मानवी हक्क हाही नव्हता. पण १९४६ च्या ‘नीचा नगर’ या चित्रपटाची कथा आजची वाटते. उंचावर राहणारा एक धनदांडगा आपल्या फायद्यासाठी गटाराचा नाला खालच्या गरीब वस्तीतून वळवतो. वस्तीत रोगराई पसरते आणि लोक एकजुटीने उभे राहतात. चेतन आनंद यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या लेखनात हयातुल्ला अन्सारी यांच्याबरोबर अब्बास साहेब होते. फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला.

त्याच वर्षी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘धरती के लाल’ आला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यावर हा चित्रपट होता. नाट्यसंस्था ‘इप्टा’चे कलाकार त्यात होते. १९६३ च्या ‘शहर और सपना’मध्ये मुंबईत घर न मिळालेलं जोडपं रस्त्याकडेच्या मोठ्या पाइपात संसार मांडतं. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९७१ च्या ‘दो बूंद पानी’त राजस्थानच्या वाळवंटातलं तहानलेलं गाव आहे आणि कालव्याच्या कामावर गेलेला तरुण आहे. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरकरांना हा विषय समजावून सांगायची गरज नाही.

हे चित्रपट बहुतेक वेळा पैसे मिळवून देत नसत. राज कपूर यांच्यासाठी ‘आवारा’, ‘श्री ४२०’, ‘बॉबी’ लिहून जे मिळायचं ते अब्बास साहेब आपल्या ‘नया संसार’ या संस्थेच्या चित्रपटांत घालायचे. ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) हा गोवा मुक्तीवरचा चित्रपट. त्यात नवख्या अमिताभ बच्चन यांना मुस्लिम शायर केलं आणि जलाल आगा यांना मराठी लोककलावंत. कोण कुठला, हे प्रेक्षकाने विसरावं हाच हेतू.

सोळा मिनिटांसाठी सर्वोच्च न्यायालयात

माहितीपटही त्यांनी बरेच केले. ‘गिर गेम सँक्च्युअरी’ हा गीरच्या अभयारण्यावरचा. ‘पापा मियाँ ऑफ अलिगढ’ हा मुलींच्या कॉलेजचे संस्थापक शेख अब्दुल्ला यांच्यावरचा. पण सर्वांत गाजला तो १९६८ चा ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’. जेमतेम सोळा मिनिटांचा, काळा-पांढरा. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि तिथल्याच गरिबांचे हाल त्यात समोरासमोर ठेवले होते. मुंबईच्या बदनाम वस्तीतली काही दृश्यं होती. सेन्सॉरने सर्वांसाठीचं प्रमाणपत्र नाकारलं. पुढे सरकारने ते द्यायची तयारी दाखवली, पण ती दृश्यं कापायची अट घालून.

अब्बास साहेबांना कात्री चालवून मोकळं होता आलं असतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने काटछाट न करता प्रमाणपत्र देऊ केलं. म्हणजे त्यांचं काम झालं होतं. तरीही ते थांबले नाहीत. प्रश्न माझ्या एका फिल्मचा नाही, सेन्सॉरच्या पद्धतीचाच आहे, ही त्यांची भूमिका होती.

२४ सप्टेंबर १९७० रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. आधी तपासून मग चित्रपट दाखवण्याची पद्धत न्यायालयाने वैध ठरवली. त्या अर्थाने अब्बास साहेब हरले. पण समाजातली वाईट गोष्ट दाखवली म्हणजे अश्लीलता झाली असं नव्हे, कलेला आणि समाजाच्या प्रश्नांना जागा राहिली पाहिजे, हेही त्याच निकालाने बजावलं. आजही चित्रपटांवरच्या खटल्यांत या निकालाचा आधार घेतला जातो.

आपल्या मुलांसाठी

अब्बास साहेबांचे डावे विचार सर्वांना पटतील असं नाही, आम्हालाही सगळे पटत नाहीत. पण सत्तरहून अधिक पुस्तकं, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतलं लेखन आणि १ जून १९८७ रोजी मुंबईत इंतकाल होईपर्यंत चालू राहिलेली लेखणी, एवढं काम नाकारता येत नाही.

माध्यमं आपल्याला नीट दाखवत नाहीत, ही तक्रार आपल्या बैठकांमध्ये नेहमीची आहे. ती खोटी नाही. पण दहावीच्या वर्गात पुढे काय करणार असं विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, दुकान अशी उत्तरं येतात. पत्रकार व्हायचंय म्हणणारा एखादाच, आणि त्यालाही घरून विरोध. मग आपली बाजू लिहिणार कोण? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, शेजाऱ्याची बाजू आपण कधी लिहिणार? अब्बास साहेबांनी बंगालचा शेतकरी लिहिला, सोलापूरचा कोटणीस लिहिला, गोव्याचा लढा लिहिला. म्हणूनच त्यांच्या शब्दाला सगळीकडे वजन होतं.

कॅमेरा आज प्रत्येक घरात, खिशात आहे. या सुट्टीत मुलांना कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा आणि त्यांची गोष्ट कुणी लिहिली तेही सांगा. परत आल्यावर आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या नाल्यावर, नाहीतर पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेवर एक पान लिहायला लावा. मराठीत लिहू दे नाहीतर उर्दूत, चालेल.