राष्ट्रसंतांचा शेवटचा आजार आणि कॅन्सरच्या वेदनेवरचा इलाज

नागपूर : गावाकडून कॅन्सरचा पेशंट घेऊन आलेला माणूस मानेवाडा रोडवर तुकडोजी चौकात उतरतो. समोर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. महाराज स्वतः याच आजाराने गेले, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचं मूळ नाव. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरी गरिबी, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या केलं. पोरवयातच रामटेक, सालबर्डीच्या रानात राहिले. मग हातात खंजिरी आली ती शेवटपर्यंत. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. पुढच्याच वर्षी गांधीजींनी सेवाग्रामला बोलावून घेतलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी पेटलं. त्यामागे महाराजांची भजनं आहेत असं इंग्रजांना वाटलं. चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहिला. १९५५ ला जपानच्या विश्वधर्म परिषदेत खंजिरी वाजली. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत देवळापेक्षा गावाच्याच गोष्टी जास्त आहेत : नाली, पाणी, व्यसन, आजारपण, बुवाबाजी.

इतका फिरणारा माणूस कॅन्सरने अंथरुणाला खिळला. उपचार झाले, गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजातच देह ठेवला. वय अवघं ५९.

त्या काळी कॅन्सरच्या वेदनेवर डॉक्टरांच्या हाती फार थोडं होतं. मॉर्फिन होतं, पण ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायची रीत जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्येच दाखवली होती, पण ती ऑपरेशनपुरती. ऑपरेशन नाही, फक्त दुखतं, म्हणून भूलतज्ज्ञाकडे जायचं, हे खेड्यात कुणाच्या डोक्यात येणार? मरणपंथाला लागलेल्यांच्या वेदनेवर नीट इलाज करणारं लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं १९६७ मध्ये, म्हणजे महाराज जायच्या जेमतेम वर्षभर आधी. आपल्याकडे मुंबईत शांती अवेदना सदन उघडायला १९८६ उजाडलं. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने चढायची पद्धत घालून दिली. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन एवढं आवळलं, की दवाखाने ते ठेवायलाच भ्यायचे. २०१४ च्या दुरुस्तीने ती गाठ थोडी सैल झाली.

गोळ्यांनी भागत नसेल तर आता नर्व्ह ब्लॉक आहे. दुखण्याची वर्दी मेंदूकडे नेणारी नस हेरून तिच्याजवळ औषध सोडायचं. सुई नेमकी कुठे चालली हे सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. ऑपरेशनच्या जखमेसाठी बधिर करणारं औषध काही तास काम करतं; बारीक नळी ठेवली तर दोन-तीन दिवस. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोट आणि पाठ असह्य दुखते, तिथे नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून ते निकामी करतात. आराम काही महिने टिकू शकतो. त्यानंतर बीपी उतरणं, काही दिवस जुलाब होणं, असे त्रास होतात, ते आधी विचारून घ्यावे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगितलंच पाहिजे. सगळ्यांनाच ब्लॉक चालतो असंही नाही, आणि त्याने गाठ बरी होत नाही. दुखणं तेवढं कमी होतं.

सोबत मालीश, श्वासाचा व्यायाम, भजन चालतं. मन दुसरीकडे गेलं की वेदनेची धार कमी होते, हे डॉक्टरही मानतात. मात्र भजनासाठी गोळी बंद करणारा किंवा जडीबुटीवाल्याकडे महिने घालवणारा माणूस पेशंटचं नुकसानच करतो. बुवाबाजीवर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या महाराजांच्या मुलखात तरी हे घडू नये.

गावाकडे अजून एक खोड आहे. डॉक्टरसमोर पेशंट म्हणतो बरं आहे, आणि रात्रभर कण्हतो. दुखणं शून्य ते दहात किती, कुठे, केव्हा वाढतं, रात्री झोप लागते का, हे घरच्यांनी कागदावर लिहून न्यावं. डॉक्टरला त्यावरूनच डोस ठरवता येतो.

मोझरीला दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला लाखो माणसं जमतात. बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, सगळा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो.